मॅन्युअलमध्ये आपली बुलेट नसेल तर ९ एमएमचा लोड कसा ठरवायचा

हे अमेरिकेत रिलोडिंग, म्हणजे रिकाम्या केसमध्ये प्रायमर, पावडर आणि बुलेट भरून स्वतः काडतूस बनवणं, करणाऱ्यांसाठी आहे. लोड म्हणजे केसमध्ये घालायची पावडर. भारतात लायसन्सशिवाय काडतूस बनवणं आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, आणि अमेरिकेतही एच-१बी वर असाल तर शिकारीचं लायसन्स वगैरे थोडे अपवाद सोडले तर काडतूस जवळ ठेवायलाही फेडरल कायद्यात बंदी आहे, तेव्हा आधी ते बघा.

नेहमीचा घोळ असा, की डेटात (कोणत्या बुलेटला किती पावडर, हे सांगणारे मॅन्युअलमधले आकडे) १२४ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) राउंड नोज, म्हणजे गोल टोकाची बुलेट मिळते आणि आपल्याकडे असते १२४ ची हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खड्डा असलेली, मग वाटतं वजन सेमच आहे ना, चालेल की. नाही चालत. बुलेट केसमध्ये किती आत बसते ते आधी काढा: बुलेटची लांबी अधिक केसची लांबी, त्यातून पूर्ण काडतुसाची लांबी वजा. समजा राउंड नोज ०.५९० इंच, केस ०.७५४, काडतूस १.१५०, म्हणजे ०.१९४ आत. हॉलो पॉइंट ०.५७५ आणि काडतूस १.०७५ असेल तर ०.२५४. दीड मिलिमीटर जास्त आत! ९ एमएमची केस मुळात छोटी, एवढ्यानेही प्रेशर चांगलंच चढतं आणि लिमिट आहे ३५,००० पीएसआय (पीएसआय हे प्रेशरचं माप).

म्हणून तीच पावडर, तेच वजन, तशीच बनावट आणि तुमच्याइतकी किंवा जास्त खोल बसलेली बुलेट असा डेटा शोधा, दोन-तीन ठिकाणचा बघा, आणि त्यातला सगळ्यात कमी स्टार्टिंग लोड घ्या. सॉलिड कॉपर बुलेट लांब असते, तिला शिसेवाल्याचा डेटा लावूच नका. काहीच जुळत नसेल तर सरळ पावडर बदला, अंदाजाने आकडा काढू नका. आणि ‘मॅक्सिमम लोडपेक्षा १० टक्के कमी पावडरने सुरू करा’ हा नेहमीचा नियम .३५७ मॅग्नम काडतुसातल्या एच११० या पावडरला लावायचा नाही, तिथे कंपनीच ३ टक्क्यांहून जास्त कमी करू नका म्हणते.

मग ०.१ ग्रेनने वाढवत जा, प्रत्येक पायरीला क्रोनोग्राफने (बुलेटचा वेग मोजायचं यंत्र) वेग मोजा. बॅरल तेवढंच असताना डेटातल्या मॅक्सिमम लोडचा वेग आला की थांबा, पावडर कमी वाटली तरी, कारण तो वेग प्रेशरशिवाय येत नाही. प्रायमर (केसच्या तळाशी असलेली, पावडर पेटवणारी टोपी) चपटा झाला का बघण्यावर विसंबू नका, पिस्तुलात ती खूण फार उशिरा दिसते.

फास्ट, म्हणजे लवकर जळणारी पावडर केसमध्ये डबल पडली तरी मावते, त्यामुळे बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये लाइट टाकून बघाच. आणि आवाज फुसका आला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका, पिस्तूल रिकामं करा, बॅरलमध्ये बुलेट अडकलीय का ते तपासा.