ऐकू येतं, पण कळत नाही? मग या चुका टाळा

आमच्याकडे नाना टीव्ही लावतात तेव्हा बातम्या गल्लीच्या टोकाला ऐकू जातात. तरी मधेच विचारतात, "काय म्हने तो?" त्यांची उमेदीची सगळी वर्षं जिनिंगमध्ये गेली, रोलरच्या घरघराटात. "कान गेले का तुमचे?" असं कोणी म्हटलं की भडकतात. "माले आयकू येस, पन समजत नही." मला ही पळवाट वाटायची. पण तपासणी झाली तेव्हा लक्षात आलं, इतकी नेमकी तक्रार डॉक्टरांनाही लिहिता आली नसती.

पहिली चूक: ओरडून बोलणं

ही आम्ही सगळ्यांनी केली. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस. स, श, फ, त ही व्यंजनं वरच्या पट्टीतली आणि नाजूक. वयामुळे किंवा यंत्रांच्या आवाजामुळे आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या केसाळ टोकांच्या बारीक पेशी. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात त्यांची जागा अगदी दाराशी असते. मेंदूकडे खरी बातमी पाठवणाऱ्या केसपेशी एका कानात जेमतेम साडेतीन हजार, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

ओरडलं की स्वर फुगतात, व्यंजनं तिथल्या तिथेच राहतात. मग 'साठ' आणि 'आठ' एकच होतं. केळीच्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलताना नानांनी अठराशेचा भाव आठशे ऐकला आणि त्या भल्या माणसाला शिव्या घातल्या. त्यात फोनचाही वाटा होता. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापलाच जातो, आणि 'स'चा बराचसा जीव त्याच्याही वर असतो.

उपाय सोपा आहे. समोर या, तोंड दिसू द्या, टीव्ही बंद करा, जरा सावकाश बोला. वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा ओरडू नका, शब्द बदलून सांगा.

दुसरी चूक: एका कानावर भागवणं

कानाचं मशीन विकणाऱ्याने सांगितलं, एकच घ्या, स्वस्तात होईल. आम्हीही मान डोलावली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत असेल तर ही काटकसर महागात पडते.

कानातून निघालेली नस, साधारण तीस हजार तंतूंची, मेंदूच्या देठातल्या पहिल्या ठाण्यावर पोचते. त्याच्या पुढचं ठाणं म्हणजे आपलं भुसावळ समजा. नागपूरकडची गाडी आणि इटारसीकडची गाडी जशी तिथे भेटते, तसा डाव्या-उजव्या कानाचा आवाज इथे पहिल्यांदा एकमेकांशी ताडून पाहिला जातो. कोणत्या कानात आधी पोचला, कोणत्या कानात मोठा. जास्तीत जास्त फरक एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, तेवढ्यावर मेंदू सांगतो की ट्रकचा हॉर्न डावीकडून आला. पुढे मध्यमेंदू, मग थॅलॅमस हे मेंदूच्या आतलं आणखी एक ठाणं, आणि शेवटी कानशिलाच्या आतला श्रवणाचा भाग.

एकाच बाजूने माल आला तर हे ताडून पाहणं लंगडं पडतं. लग्नाच्या मांडवात चार जण एकदम बोलत असताना हवा तो आवाज वेगळा काढणं यावरच बरंचसं अवलंबून असतं. म्हणून नाना घरात बरे असतात आणि पंगतीत हरवतात.

तिसरी चूक: मशीन चार दिवसांत डब्यात

पहिल्या दिवशी नानांनी बिबडी (ज्वारीचा पापड) खाल्ली आणि मशीन काढून ठेवलं. "डोक्यात दगड फुटाले लागनात!" स्वतःच्या जबड्याची कुरकुर, पेपरची सळसळ, फोडणीचा तडतडाट, हे सगळं वर्षानुवर्षं मेंदूपर्यंत पोचलंच नव्हतं. आवाज कमी येऊ लागला की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवून बसतो. मग अचानक पुरा आवाज आला की तो अंगावर येतो. कोणता आवाज सोडून द्यायचा हे मेंदूला नव्याने शिकायला काही आठवडे लागतात. आधी घरात शांत वेळी, एका माणसाशी बोलताना वापरा. लग्न, बाजार नंतर. मशीनचं सेटिंगही दोन-तीनदा बदलून घ्यावं लागतं.

आणखी एक. तपासणीत नुसत्या 'बीप'ला हात वर करायला लावून सोडत असतील तर शब्दांची चाचणी मागा. बीप ऐकणं आणि शब्द परत म्हणून दाखवणं यांतला फरक म्हणजेच नानांची तक्रार.

बाळाच्या बाबतीत टाळीवर विसंबणं

पाळण्यामागे टाळी वाजवली, बाळाने मान वळवली, झालं! बाळाला सावली दिसते, हवेचा झोत लागतो. जन्मल्यावर जोराची कावीळ झाली असेल तर जास्तच सावध राहा. अशा बाळात केसपेशी ठीक असतात, पण पुढची नस किंवा देठातली ठाणी दुखावलेली असू शकतात. नुसती कानाची चाचणी पास होते आणि आईबाप निश्चिंत होतात. 'बेरा' चाचणी मागा. डोक्याला चिकटपट्ट्या लावून, कानात टकटक आवाज सोडून, पहिल्या दहा मिलिसेकंदांत नस आणि देठ कसा प्रतिसाद देतात ते ती पाहते. दुखत नाही, बाळ झोपेतच असतं. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असा दंडक आहे. उशिरा बोलणं घराण्यातच आहे, ही समजूत या काळात फार नुकसान करते.

डीजेसमोर नाचणाऱ्यांसाठी

कानाला सोसेल अशी मर्यादा: ८५ डेसिबल आवाज आठ तास, आणि पुढे वाढणाऱ्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. वरातीत एवढ्या वेळात नवरदेव कोपऱ्यापर्यंतही जात नाही.

कोमट तेल

कानात तेल, लसणाची पाकळी, काडेपेटीची काडी, काहीच घालू नका. विशेषतः सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद पडला असेल तर. मळ असेल, सर्दी असेल म्हणून आठवडाभर थांबणारे बरेच. असं अचानक जाणं नसेचं असू शकतं. त्यावरचे स्टिरॉइड पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक उपयोगी, दोन आठवडे उलटले की आशा झपाट्याने कमी होते. त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठा, तालुक्याला नसले तर जळगाव किंवा धुळ्याची एसटी पकडा.