एमबीए करायचं की नाही: कोल्हापुरात बसून हिशेब कसा मांडायचा

एमबीएचा विषय घरात निघतो तो बहुधा बीकॉम, बीबीए किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर. तोवर सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायची मुदत संपलेली असते. मग 'वर्ष वाया जायला नको' म्हणून मिळेल तिथे, मागतील ती फी भरून प्रवेश होतो. चूक होते ती इथे. कॉलेज निवडण्यात नव्हे, कॉलेजचा विचार आधी आणि कामाचा नंतर करण्यात.

म्हणून पहिलं काम कागद-पेनाचं. तीन वर्षांनी तुम्हाला कोणतं काम करायचं आहे ते पदाच्या नावानिशी लिहा. 'मॅनेजर' असं लिहून भागत नाही. बँकेत क्रेडिट ऑफिसर, एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारखा रोजचा माल बनवणाऱ्या) कंपनीत एरिया सेल्स, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यात पर्चेस किंवा एचआर, घरच्या फाउंड्रीचा हिशेब आणि मार्केटिंग, असं नेमकं लिहा. मग त्या पदाच्या दहा जाहिराती काढा. दहापैकी सहा-सात ठिकाणी एमबीए मागितलं असेल तर पुढे वाचा. 'पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव' असं असेल तर आधी तो अनुभव घ्या. एमबीए दोन वर्षांनीही करता येतं आणि तेव्हा ते जास्त कळतं.

खर्च म्हणजे फक्त फी नव्हे

हिशेब मांडताना सगळ्यात मोठा आकडा विसरला जातो, तो म्हणजे दोन वर्षांचा बुडालेला पगार. समजा आज तुम्हाला १८,००० रुपयांची नोकरी मिळते आहे. दोन वर्षांचे झाले ४,३२,०००. कोल्हापुरातल्या कॉलेजची फी वर्षाला ९०,००० धरली तर १,८०,०००. लॅपटॉप, प्रोजेक्ट, येण्याजाण्याचे ४०,०००. एकूण ६,५२,०००. निम्मी फी शासनाकडून सुटली (ती कशी, ते पुढे येईल) तर ५,६२,०००.

आता दुसरी बाजू. एमबीए न करता दोन वर्षांनी तुमचा पगार २१,००० झाला असता. एमबीए करून २५,००० मिळाला, तर फरक महिना ४,००० चा. ५,६२,००० भागिले ४,००० म्हणजे सुमारे १४० महिने, जवळपास पावणेबारा वर्षं. तोच फरक १२,००० चा असेल तर ४७ महिन्यांत पैसे वसूल. डिग्री तीच, शहर तेच. सगळा खेळ त्या फरकाचा आहे आणि तो तुम्ही कोणत्या कामासाठी जाता यावर ठरतो. इथे स्वतःचे आकडे घाला.

पुण्याचा मोह वेगळा. खासगी कॉलेजची दोन वर्षांची फी ८ लाख, राहणं-जेवण महिना १२,००० प्रमाणे २२ महिन्यांचे २,६४,०००. फीसाठी कर्ज काढलं, १० टक्के व्याजाने, निम्मं पहिल्या वर्षी आणि निम्मं दुसऱ्या. शैक्षणिक कर्जाला साधारणपणे अभ्यासक्रम अधिक एक वर्ष हप्त्याची सवलत असते, पण व्याज त्या दिवसांतही चढतच असतं. सरळव्याजाने धरलं तरी पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचे १,२०,००० आणि दुसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचे ८०,०००. हप्ते सुरू होताना कर्ज १० लाखांचं. सात वर्षांच्या मुदतीला हप्ता सुमारे १६,६००.

समोर पॅकेज साडेचार लाखांचं. ते उघडून बघा. त्यातले ४५,००० 'व्हेरिएबल', म्हणजे टार्गेट झालं तर. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००. ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून १०,००० च्या आसपास. उरले ३,७३,४००, महिन्याला ३१,१००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २९,१००. हप्ता वजा करा. खोली, मेस, पेट्रोल आणि गावी येण्याजाण्याला राहिले साडेबारा हजार.

आमचं मत स्पष्ट आहे. प्रवेश परीक्षेत चांगला पर्सेंटाइल (किती टक्के मुलं तुमच्या मागे आहेत तो आकडा) असेल तर मुंबई-पुण्याच्या शासकीय किंवा विद्यापीठाच्या संस्थेत जा. घरचा धंदा किंवा इथलीच नोकरी डोळ्यांसमोर असेल तर कोल्हापुरात करा. मधला रस्ता, म्हणजे कमी पर्सेंटाइलवर मॅनेजमेंट कोट्यातून पुण्यातलं महागडं कॉलेज, हा सगळ्यात तोट्याचा, आणि जाहिराती सगळ्यात जास्त त्याच्याच.

परीक्षा

राज्यातल्या बहुतेक जागांसाठी राज्य सीईटी कक्षाची एमबीए-एमएमएस सीईटी लागते. पदवीला ५० टक्के गुण हवेत, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४५. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थीही बसू शकतात. अलीकडच्या वर्षांत परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये झाली आणि अर्ज त्याआधी हिवाळ्यात निघाले. म्हणून दिवाळी झाली की सीईटी कक्षाची वेबसाइट आठवड्यातून एकदा बघायची सवय लावा.

पेपर २०० प्रश्नांचा, वेळ १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. लॉजिकल रीझनिंग ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंग २५, गणित ५० आणि इंग्रजी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. मुलं हरतात ती गोल टेबलाभोवती आठ जण बसवणाऱ्या कोड्यांत. एका कोड्यावर सहा मिनिटं गेली की पुढचे सात-आठ सोपे प्रश्न हातचे गेले. दोन मिनिटांत आकृती उभी राहिली नाही तर पुढे चला आणि शेवटची पाच मिनिटं उरलेल्या प्रश्नांची उत्तरं अंदाजाने निवडायला ठेवा. तयारीला रोज दोन तासांप्रमाणे चार महिने पुरतात. त्यातला शेवटचा महिना पूर्ण वेळेच्या सराव पेपरांचा, दर पेपरनंतर चुका वहीत लिहून. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची भीती बाळगू नये. २०० पैकी १५० प्रश्न तर्काचे आणि गणिताचे आहेत.

मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेला खुल्या गटातून ९९.९ च्या पुढचा पर्सेंटाइल लागतो, हे माहीत असू द्या. कॅट ही आयआयएमची परीक्षा, नोव्हेंबरच्या शेवटी होणारी, दोन तासांची, चाळीस-चाळीस मिनिटांच्या तीन भागांची. तिथे बरोबर उत्तराला तीन गुण आणि पर्याय असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर एक वजा. सीईटीची 'सगळं भरा' ही सवय तिथे नडते. दोन्हींची तयारी करणार असाल तर कॅट धरून अभ्यास करा, फेब्रुवारीपासून वेग वाढवा.

ऑप्शन फॉर्म जरा निवांत भरा

कॅप राउंडचा, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, ऑप्शन फॉर्म म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी. तो नेट कॅफेत, मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी, मागे रांग असताना भरू नका. पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज मिळालं तर ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांत नाव राहत नाही. 'हे नक्की मिळेल' म्हणून घराजवळचं कॉलेज वर टाकणारा तिथेच अडकतो. यादी इच्छेच्या क्रमाने लावायची, मिळण्याच्या शक्यतेच्या नव्हे. वरचं नाही मिळालं तर खालचं मिळण्यात काही अडत नाही. खालच्या पसंतीची जागा मिळाली तर ती स्वीकारून बेटरमेंटला, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पसंतीच्या प्रतीक्षेत, राहता येतं. गोठण्याचे बाकीचे नियम बदलत असतात, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा.

कागदपत्रांत नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी ही दोन दुखणी. नॉन-क्रीमीलेअर प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं. बारावीनंतर काढलेलं तेच जोडून अनेकांची जागा खुल्या गटात मोजली जाते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिलनंतर लगेच काढा. जूनमध्ये सेतू केंद्रावर अख्खा जिल्हा उभा असतो.

त्या दाखल्यावर मोठी रक्कम अवलंबून आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत निम्मी शिकवणी फी मिळते. याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिकवणी फी माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही, अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. एजंट 'कॅपची भानगडच नको, थेट सीट देतो' म्हणतो तेव्हा तो नेमकी ही सवलत तुमच्या हातून काढून घेत असतो. अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर होतो आणि पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या वर्षाची रोकड जवळ असू द्या.

कॉलेज कसं तपासायचं

कोल्हापुरात पर्याय कमी नाहीत. १९६२ पासूनचं शिवाजी विद्यापीठ आहे. १९७६ साली सुरू झालेली सायबर ही व्यवस्थापन संस्था आहे, तिच्या नावाने चौकही ओळखला जातो. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजांनी चालवलेले एमबीएचे वर्ग. कोणत्याही ठिकाणी ॲडमिशन काउंटरवर 'प्लेसमेंट किती?' विचारू नका, '१०० टक्के' हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा: मागच्या बॅचला किती मुलं होती, त्यातली किती कॅम्पसमधून लागली आणि त्यांच्या पगाराचा मध्यांक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काय? सरासरी घेऊ नका. दहा जणांत एकाला ९ लाख आणि नऊ जणांना २ लाख ४० हजार मिळाले तर सरासरी निघते ३ लाख ६ हजार, जी प्रत्यक्षात कुणालाच मिळालेली नाही. मध्यांक २ लाख ४० हजारच सांगतो. जी संस्था एनआयआरएफमध्ये (केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीत) भाग घेते तिला हे आकडे जाहीर करावे लागतात. मग लिंक्डइनवर त्या कॉलेजची तीन वर्षांपूर्वीची बॅच काढा आणि वीस जण आज कुठे आहेत ते बघा. तासाभराचं काम आहे.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडक्यात. दूरस्थ किंवा ऑनलाइन एमबीए करताना विद्यापीठाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची त्या वर्षाची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे का ते बघा. आपल्या कंपनीत बढतीला ही डिग्री धरतात का, हे एचआरला ईमेलवर विचारा. कॅम्पसची आशा ठेवू नका.

घरचा धंदा असेल तर

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांच्या, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांच्या आणि हुपरीच्या चांदीवाल्यांच्या मुलांचा प्रश्न पगाराचा नसतोच. त्यांनी प्रवेशाआधी सहा महिने हिशेबाच्या टेबलावर बसावं. बँकेला दर महिन्याला जाणारं स्टॉक स्टेटमेंट स्वतः तयार करावं, जीएसटीचे रिटर्न भरताना शेजारी बसावं, कास्टिंगच्या रिजेक्शनचा टक्का रोज लिहावा. मग वर्गात वर्किंग कॅपिटल (खेळतं भांडवल) शिकवलं जातं तेव्हा डोळ्यांसमोर पुस्तकातला तक्ता नसतो, वडिलांची सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, असते. अशांनी गावातलंच कॉलेज घ्यावं आणि दुपारनंतर कारखाना गाठावा. एक सावधगिरी: एमबीएनंतर लगेच घरच्या खुर्चीत बसू नका. वर्षभर दुसऱ्याच्या कंपनीत काम करा. चुकांबद्दल बोलणी तिथेच खायला मिळतात.

समर प्रोजेक्ट

नोकरी करणार असलेल्या आणि घरच्या धंद्यात जाणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या मुलांना सगळ्यात जास्त देणारी आणि सगळ्यात जास्त वाया जाणारी गोष्ट म्हणजे दुसऱ्या सत्रानंतरचा दीड-दोन महिन्यांचा समर प्रोजेक्ट. 'कामगारांचं समाधान: एक अभ्यास' या नावाचे, गेल्या वर्षीचा कव्हर पेज बदललेले रिपोर्ट कपाटांत भरलेले आहेत. मुलाखत घेणारा पहिल्या प्रश्नाला ते ओळखतो.

त्याऐवजी एका छोट्या कारखान्याची ग्राहकांकडे अडकलेली उधारी अभ्यासाला घ्या. सगळी थकीत बिलं चार रकान्यांत लावा: ३० दिवसांच्या आत, ३१ ते ४५, ४६ ते ९० आणि त्यापुढची. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. एप्रिल २०२३ पासूनच्या व्यवहारांना १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ४३ब मधल्या 'एच' पोटकलमाने असा नियम लावला की, या मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येते. आता बघा: तिसऱ्या-चौथ्या रकान्यात किती रुपये अडकलेत, सीसीवर त्यांचं व्याज किती जातं, कोणत्या ग्राहकाशी लेखी करार आहे, कुणाच्या बिलावर उद्यम क्रमांकच छापलेला नाही. मालकाला दोन पानांत सांगा, की बिलाचा नमुना असा बदला आणि या पाच ग्राहकांना मार्चच्या आधी असं पत्र पाठवा. प्रोजेक्ट संपायच्या आत त्यातलं एक जरी पेमेंट आलं, तर ती तारीख आणि रक्कम मालकाच्या परवानगीने, ग्राहकाचं नाव न घालता, रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका.