आहुप्याच्या देवराईत जाताना

पुण्याहून मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाच्या कडेकडेने आहुपे. रस्ता वळणांचा, पहाटेच निघा. भर पावसात कड्यावर धुक्यात काही दिसत नाही. मला विचाराल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

गावात पोचलात की आधी कुणा जाणत्याला गाठा. राई भैरवनाथाची, पण पिढ्यान्‌पिढ्या राखली ती इथल्या महादेव कोळ्यांनी. त्यांच्यातलाच वाटाड्या घ्या आणि त्याच्या पैशांत घासाघीस करू नका.

आत शिरलात की पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की गारंबीची वेल दिसू लागते: मांडीएवढी जाड, पीळ पडलेली, या झाडावरून त्या झाडावर गेलेली. तिच्यावर झोके घेऊ नका, हात जोडून सांगते. खाली हातभर लांब शेंगा पडलेल्या असतात. बघा, हातात घ्या, तिथेच ठेवा. देवराईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत.

शेकरू पाहायचा तर आधी कान द्या. त्याचा खणखणीत आवाज आला, की शेंड्याजवळच्या फांद्यांत काटक्यापानांचं गोल घरटं शोधा. बोलणं मात्र हळू, आणि स्पीकर गाडीतच राहू द्या.