जपानीतल्या प्रेमाच्या गोष्टी कळायला इंग्लिश बाजूला ठेवा

आपल्याकडे जपानी शिकणाऱ्यांची गंमत म्हणजे पुस्तकं इंग्लिशमधली, अ‍ॅप इंग्लिशमधलं, अ‍ॅनिमे बघायचं तेही इंग्लिश सबटायटल्स लावून, म्हणजे घरी मराठी बोलत असलो तरी जपानीपुरते आपण इंग्लिशवालेच होऊन बसतो. व्याकरणाला एकवेळ खपून जातं पण प्रेमाबिमाच्या वाक्यांना नाही, तिथे गडबड होते.

'सुकी देसु' घ्या (उच्चार साधारण 'स्की देस', तो उ ऐकूच येत नाही). सबटायटलमध्ये सरळ आय लव्ह यू येतं, पण मूळ वाक्यात आय पण नाही आणि यू पण नाही. 'सुकी' हे क्रियापदच नाही, विशेषणासारखं चालतं, आणि जे आवडतं त्याला कर्त्याचा प्रत्यय 'गा' लागतो, 'सुशी गा सुकी देसु'. इंग्लिशमधून विचार करणारे हमखास कर्माचा 'ओ' लावतात, कारण त्यांच्या डोक्यात लाइक असतं. आपल्याला सोपंय हो, 'मला सुशी आवडते', आवडणारी वस्तूच कर्ता. सुशी असो नाहीतर माणूस, शब्द तोच, कोण कोणाला म्हणतंय ते प्रसंगावरून घ्यायचं.

'आइशितेरु' (म्हणजे खरंखुरं आय लव्ह यू) पाठ करून ठेवलं असेल तर राहू दे, पण वापरायची घाई नको. गाण्यात, सीरियलमध्ये ठीक, रोजच्या बोलण्यात फार जड वाटतं, नवराबायकोसुद्धा क्वचितच म्हणतात. आपल्या घरी तरी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कोण कोणाला म्हणतं? जास्तच सांगायचं असेल तर 'दाइसुकी', म्हणजे खूप आवडतं, आहे की.

आता मुख्य भाग, कोकुहाकु, म्हणजे मनातलं रीतसर सांगणं. तिकडे बऱ्याच जणांचं नातं इथूनच अधिकृत सुरू होतं. ठरलेलं वाक्य 'सुकी देसु, त्सुकिआत्ते कुदासाइ', तू आवडतेस, माझी गर्लफ्रेंड होशील का टाइप. यावर समोरून 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' आलं तर क्लासमधलं नाइस टू मीट यू आठवून गोंधळू नका, तो होकार आहे!! नकार मात्र बरेचदा अर्धाच येतो. 'इइ हितो दाकेदो...', माणूस चांगला आहेस पण... आणि वाक्य तिथेच संपतं. पुढचं आपण समजून घ्यायचं, 'पण काय?' असं विचारत बसायचं नाही.

त्याच्याआधीचे इशारे पण असतात. जेवायला बोलावताना 'फुतारी दे' म्हणजे दोघंच, हा शब्द आला की कान टवकारा. 'आनाता'चा अर्थ पुस्तकात 'तू' किंवा 'तुम्ही' दिलेला असतो, पण ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारतात, आणि बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते तेव्हा ते चक्क आपलं 'अहो' असतं. रोज माझ्यासाठी मिसो सूप करशील का, ही लग्नाची जुनी मागणी, आता ऐकायला जुनाट वाटते (आणि सूप त्यानेच का करू नये म्हणते मी).

'त्सुकी गा किरेइ देसु ने', चंद्र सुंदर आहे ना, हे नात्सुमे सोसेकी या जपानी लेखकाने आय लव्ह यूसाठी सुचवलं होतं अशी गोष्ट सगळीकडे फिरते, त्याच्या लिखाणात तसा पुरावा काही सापडलेला नाही. तरी हा संदर्भ तिकडे पुष्कळांना माहीत असतो. पण खरंच चंद्र छान दिसतोय म्हणून म्हणणारेही असतात, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका.