मुरघासाची बॅग उघडताना
सांगली जिल्ह्यात पलूस-कडेगावकडे मक्याच्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या वैरणीच्या, बॅगा आता गोठ्यागोठ्यात दिसतात. बॅग उघडली की आधी मूठभर हातात घ्या. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोडसर वास येतो, रंग पिवळसर हिरवा असतो. मूठ दाबली तर पाणी गळत नाही, सोडली की गोळा हळूहळू सुटतो. सामू (pH, आंबटपणाचं माप) 4 च्या आसपास हवा.

कुजका वास किंवा पांढरी-निळी बुरशी दिसली, तर तो थर आणि भोवतालचा भागही जनावरं पोचणार नाहीत तिथं टाका. जीव तुटतो, कळतं. पण बुरशी झटकून खालचं घालू नका, गाभण गाईला तर मुळीच नाही. बुरशीच्या विषानं गाय वैरण सोडते, दूध घटतं, कधी गाभही जातो. काढून झालं की बॅगेचं तोंड लगेच आवळा. हवा शिरली की मुरघास तापतो.