एग ड्रॉप सूप: या चुका टाळा

चिनी भाषेत या सूपाला ‘तान-ह्वा थांग’ म्हणतात, म्हणजे अंड्याच्या फुलांचं सूप. वाटीत पातळ, रेशमी पाकळ्या तरंगायला हव्यात. बहुतेक घरांत मात्र गढूळ पाण्यात अंड्याचा चुरा दिसतो. दोष अंड्याचा नसतो, क्रमाचा आणि आचेचा असतो.

चौघांसाठी १ लिटर चिकन स्टॉक, ३ अंडी, ३ सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि ६ चमचे गार पाणी घ्या.

पहिली चूक स्टॉकमध्येच होते. हाडं गार पाण्यात घालून उकळी आणा, ५ मिनिटांनी ते पाणी फेकून हाडं धुवा. मग ताजं पाणी, आल्याच्या ३-४ चकत्या आणि पातीचा कांदा घालून दोन तास मंद आचेवर ठेवा. खळखळ उकळलं तर चरबी पाण्यात मिसळते आणि स्टॉक पांढुरका होतो. तमालपत्र, लवंग, हळद यांना इथे जागा नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कॉर्नफ्लोअर अंड्यानंतर घालणं. ते आधीच हवं. फुगलेल्या स्टार्चमुळे अंड्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट चिकटत नाहीत, म्हणून पाकळी मऊ राहते. दाट रसात ती तरंगतेही. गार पाण्यात कालवलेलं कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळा, धार धरून घाला आणि सूप ढवळत मिनिटभर उकळू द्या. कच्चं राहिलं तर पिठूळ चव लागते. पातळ वाटलं तर आणखी कॉर्नफ्लोअर आत्ताच घाला, कारण अंडं पडल्यावर ती संधी गेली.

आता आच अगदी मंद करा. कडेला एखाददुसरा बुडबुडा दिसला की पुरे. अंडी फेस न आणता, एक छोटा चमचा पाणी घालून फेटा. काट्याच्या दातांवरून बारीक धार गोल फिरवत सोडा आणि १० सेकंद डाव लावू नका. मग एकाच दिशेने हलकेच फिरवा: सावकाश फिरवलं तर मोठ्या पाकळ्या, जोरात फिरवलं तर बारीक तंतू. सगळं अंडं एकदम ओतलं तर गोळा होतो, खळखळत्या सूपात ओतलं तर चुरा. पाकळ्या जमल्या की गॅस बंद.

मीठ आणि पाव चमचा पांढरी मिरपूड घाला. काळी मिरी चालते, पण तिचे ठिपके दिसतात आणि वासही वेगळा. चायनीजच्या गाडीवरच्या सूपासारखा डार्क सोया सॉस ओतू नका. पाकळ्या तपकिरी होतात.

तेल भाजलेल्या तिळाचंच हवं. आपल्या घाण्याच्या तिळाच्या तेलाला तो खमंग वास नसतो. अर्धा छोटा चमचा पुरतो, तोही गॅस बंद केल्यावर, नाहीतर वास उडून जातो.

चाखलेला चमचा पुन्हा भांड्यात बुडवू नका. लाळेतलं एन्झाइम स्टार्च मोडतं आणि उरलेलं सूप तासाभरात पाणचट होऊ शकतं. पाहुणे उशिरा येणार असतील तर दाट केलेला स्टॉक तयार ठेवा आणि अंडं ते जेवायला बसल्यावरच सोडा. पुन्हा उकळलेल्या पाकळ्या रबरासारख्या लागतात.