परदेशात पेपर वाचायला जाताय? आधी ‘कच्चा कैदी’ कोण ते ठरवा

परिषदेने तुमचा ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे पेपरचा सारांश, स्वीकारल्याचा मेल आला असेल तर मनापासून अभिनंदन. घरी सांगा, पेढे वाटा. पण विमानाचे दर बघत बसण्याआधी तुमच्या पहिल्या स्लाइडवर जी टक्केवारी आहे, ती नीट उघडून बघा. तिच्यात कोणकोणती माणसं मोजली आहेत आणि कोणती सोडली आहेत, हे कागदाकडे न बघता सांगता येतंय? येत नसेल तर तयारी अजून सुरूच झालेली नाही. बोचेल, पण मला हे कुणीतरी असंच तोंडावर सांगायला हवं होतं.

मी पुण्याची. एलएलएम झाल्यावर दोन वर्षं येरवड्यातल्या बंद्यांसाठी विधी साहाय्याचं काम केलं. सकाळी शिवाजीनगर कोर्ट, दुपारी येरवड्यात मुलाखत, दुसऱ्या दिवशी परत कोर्ट. त्यातून जो विषय हाती आला तोच घेऊन युरोपातल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेला गेले: जामीन मंजूर होऊनही आत राहिलेले न्यायबंदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागायचाय ते, बोलीत ‘कच्चे’ कैदी. या माणसांची नावं, गावं, तारखा मला पाठ होत्या. तरीही पहिल्याच प्रश्नाला तोंडघशी पडले, आणि आजही तो क्षण आठवला की कान गरम होतात.

त्याआधी एक गोंधळ मिटवते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतंच. संयुक्त राष्ट्रांची गुन्हे प्रतिबंध आणि फौजदारी न्याय काँग्रेस दर पाच वर्षांनी भरते. पहिली १९५५ साली जिनिव्हात झाली, २०१५ची दोहात, आणि क्योटोची २०२०ची कोविडमुळे मार्च २०२१वर गेली. तिथे मुख्य काम सरकारी शिष्टमंडळांचं असतं. आपल्यासारख्यांचा शिरकाव होतो तो स्वयंसेवी संस्थांच्या जोडसत्रांतून किंवा वैयक्तिक तज्ज्ञ म्हणून अर्ज करून. याच विषयाचा आयोग व्हिएन्नात दर वर्षी बसतो. स्टॉकहोमला जूनमध्ये भरणारा क्रिमिनॉलॉजीचा मेळावा अभ्यासकांचा, त्याचा बाज निराळा. तुमचा पेपर यातल्या कुठल्या टेबलावर ठेवायचा आहे ते ठरवा. आणि संयुक्त राष्ट्रांच्या नावाने ‘तुमची निवड झाली, नोंदणी फी भरा’ असा मेल आला तर तो सरळ डिलीट करा. ॲबस्ट्रॅक्ट पाठवल्यावर दोन दिवसांत स्वीकारणाऱ्या आणि लगेच पैशाचं बोलणाऱ्या परिषदांपासूनही लांब राहा. तिथे छापून आलेलं प्रमाणपत्र कुणालाही दाखवता येत नाही.

आता मूळ गोष्ट.

मला दहा मिनिटं होती. पहिल्या स्लाइडवर मी दोन आकडे शेजारी शेजारी लावले होते. एक एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आणि कारागृहांची आकडेवारी काढणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, २०२२च्या कारागृह अहवालातला: देशातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायबंदी, म्हणजे जवळजवळ ७६ टक्के. शेजारी इटलीचा, तिसाच्या आतबाहेरचा. मध्ये एक मोठा लाल बाण. बोलून झालं, टाळ्या झाल्या. मग तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. चष्मा कपाळावर सरकवलेला, पुढ्यात चौकटीची वही. त्यांनी शांतपणे विचारलं, “तुमच्या शहात्तरात अपील चालू असलेले धरले आहेत का?”

मी क्षणभरही न थांबता म्हणाले, “हो, सगळे धरलेत.”

नव्हते धरलेले.

त्यांचा पुढचा प्रश्न आला, “मग पहिल्या निकालाआधीचे किती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिल्लीहून आलेले एक प्राध्यापक मागून उठले आणि मला सांभाळून घेत म्हणाले, की भारतात खालच्या कोर्टाने शिक्षा दिली की माणूस शिक्षाबंदीत मोजला जातो, मग अपील असो वा नसो. हे मला माहीत होतं! अशा माणसांच्या अपिलांचे कागद मी स्वतः गोळा केले होते. येरवड्यात कच्चा आणि पक्का यातला फरक पहिल्या आठवड्यात कळतो. पण ती टक्केवारी मी या माणसांशी कधी ताडूनच पाहिली नव्हती. इतक्या वेळा वाचलेला आकडा, की त्याच्या आत कोण आहे हे विचारावंसंच वाटलं नाही.

हे जरा सविस्तर सांगते, कारण बाकी सगळं तुम्ही निभावून न्याल, इथे मात्र हमखास पाय घसरतो.

इटलीच्या राज्यघटनेच्या २७व्या अनुच्छेदात म्हटलंय, की अंतिम निकाल लागेपर्यंत आरोपीला दोषी मानायचं नाही. त्यामुळे खालच्या कोर्टाने शिक्षा ठोठावलेला पण अपिलात गेलेला माणूस तिथे अजून आरोपींच्याच रकान्यात राहतो. तोच माणूस येरवड्यात असता तर पक्का झाला असता. इंग्लंडमध्ये ‘रिमांड’वरच्या लोकांत दोन गट असतात: ज्यांचा खटला व्हायचाय ते, आणि दोषी ठरलेत पण शिक्षा सुनावायची राहिलीय ते. आपल्याकडे दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं यांत सहसा फारसं अंतर नसतं, त्यामुळे हा दुसरा गट आपल्या डोक्यातच येत नाही.

आता उलट बाजू बघा. पुण्यात रोज पेपरात वाचतो, अमक्यावर एमपीडीए (खटल्याविना स्थानबद्ध करता येणारा राज्याचा कायदा) लावला, तमका वर्षासाठी स्थानबद्ध. हा माणूस खटल्याविनाच आत आहे. पण एनसीआरबीच्या तक्त्यात तो न्यायबंदी नाही, स्थानबद्धांचा रकाना वेगळा आहे. परदेशातला श्रोता ‘खटल्याविना आत’ हे शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर हाही माणूस येतो. पोलीस कोठडीतला माणूसही येतो, जो कारागृहाच्या आकडेवारीत नाहीच. आणि हे सगळे आकडे ३१ डिसेंबरचे, एका दिवसाची मोजदाद. जानेवारीत आत आलेला आणि मार्चमध्ये जामिनावर सुटलेला त्यात कुठेच दिसत नाही.

सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते पुढचं. माझ्या शेवटच्या स्लाइडवर नेल्सन मंडेला नियमांचा उल्लेख होता, म्हणजे बंद्यांना कसं वागवायचं याच्या, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१५ साली मंजूर केलेल्या किमान नियमांचा. त्यातला १११ क्रमांकाचा नियम ‘खटला न चाललेला बंदी’ म्हणजे कोण हेच सांगतो: फौजदारी आरोपावरून अटकेत असलेला, पोलिसांच्या किंवा कारागृहाच्या ताब्यातला, पण अजून खटला चालून शिक्षा न झालेला. व्याख्या माझ्याच संदर्भात होती आणि मी तिथवर वाचलं नव्हतं. वकिलांच्या कामाचे नियम तेवढे वाचून उचलले होते.

तुम्ही म्हणाल, इटलीचे अपीलवाले वजा केले तर त्यांचा आकडा आणखी खाली जातो, आणि आपले मिळवले तर आपला आणखी वर. म्हणजे तुझा मुद्दा पक्काच झाला की. झाला खरा, पण योगायोगाने. उलटं झालं असतं तर येरवड्यातल्या त्या सगळ्या माणसांची बाजू माझ्या एका आळसापायी त्या खोलीत पडली असती. या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून हे करा. मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला संज्ञा लिहू नका, माणसं लिहा: अटक झालेला पोलीस कोठडीतला, न्यायालयीन कोठडीत आहे पण आरोपपत्र आलेलं नाही, तारखा चालू आहेत, जामीन मंजूर आहे पण जामीनदार नाही, दोषी ठरलाय पण शिक्षा बाकी, शिक्षा झालीय पण अपील बाकी, स्थानबद्ध. मग ज्या देशांशी तुलना करताय त्यांच्या अहवालाची परिभाषा उघडा आणि प्रत्येक माणूस तिथे कुठल्या रकान्यात पडतो ते लिहा. जिथे ठाऊक नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवा. ते चिन्ह स्लाइडवर गेलं तरी चालेल, लोक आदरच करतात. मी हे परत आल्यावर केलं, विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून. तीन दुपारी लागल्या. फक्त तीन.

गाईडबद्दल माझं मत स्पष्ट आहे आणि ते बऱ्याच जणांना आवडत नाही. पेपरवर मोठं नाव हवं म्हणून कुणाला सहलेखक करू नका. ज्यांनी तुमचा तक्ता वाचलेला नाही, ते प्रश्नोत्तरांत तुमच्या शेजारी नसतील. मला सगळ्यात चांगला धडा दिला तो विश्रांतवाडीतल्या एका निवृत्त कारागृह कर्मचाऱ्यांनी. मी त्यांना काका म्हणते. परिषदेहून आल्यावर तोंड पाडून त्यांच्याकडे गेले, तर त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, “अगं, एका केसमध्ये शिक्षा झालेला आणि दुसऱ्या केसमध्ये तारखा चालू असलेला माणूस तू कुठे लिहिशील?” मी गप्प. ते म्हणाले, “आम्हाला रोज सकाळच्या गिनतीला लिहावा लागायचा.” ज्याने रजिस्टर भरलंय त्याला आधी भेटा. प्राध्यापकांकडे नंतर जा, आणि जा जरूर, कारण वाचायचं काय हे तेच सांगतात.

एआयकडून ॲबस्ट्रॅक्ट लिहून घेण्याबद्दल: इंग्रजी तपासायला वापरा, माझी हरकत नाही. आकडा किंवा नियमाचा क्रमांक त्याला विचारू नका. तो ठामपणे चुकीचं सांगतो, आणि ठामपणे चुकीचं बोलल्यावर काय होतं ते वर सांगितलंच आहे.

भाषणात कलमं मोजू नका. ‘जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३६-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९’ हे आपल्यासाठी. तिथे सांगायचं ते असं: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत काढला तर त्याला सोडायची तरतूद आहे, इतरांसाठी निम्मा काळ, फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असल्या तरी नाही. अर्ज कारागृह अधीक्षकाने करायचा असतो. एवढं दोन वाक्यांत बसवा. दुभाषी असतील तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या वर जाऊ नका. उच्चारांची लाज बाळगू नका, तिथे निम्मे लोक आपापल्या भाषेच्या वळणानेच इंग्रजी बोलतात.

आणि ‘हे मला तपासून सांगावं लागेल’ हे वाक्य मोठ्याने म्हणून सवय करा. खरंच सांगते. पुढच्या वेळी मी वेताळ टेकडीवर मैत्रिणीबरोबर रोज सकाळी चालायला जायचे, ती वाटेल ते प्रश्न टाकायची आणि मी तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला हे वाक्य म्हणायचे. पहिले काही दिवस ते घशातच अडकायचं.

बंद्याचं नाव, फोटो, केस नंबर स्लाइडवर नको, त्याने परवानगी दिली तरी नको. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबू नका. फी ९० युरो, आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. आमंत्रणपत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते पाहा.

एवढं वाचून घाबरला असाल तर पुढचं ऐका. त्या बाई माझी चूक काढायला उभ्या राहिल्या नव्हत्या. चहाच्या वेळी त्या स्वतः माझ्याकडे आल्या. त्यांना भारताचा आकडा त्यांच्या लेखात वापरायचा होता, म्हणून तो नेमका काय आहे ते हवं होतं. मग मी त्यांना भंगार गोळा करणाऱ्या एका माणसाबद्दल सांगितलं. कोर्टाने १५,००० रुपयांचा जामीन दिला, पण जामीनदार आणायचा कुठून? पुण्यात ओळखीचं कुणी नाही, गावी फोन लागत नाही. आत्याचा नंबर लिहिलेली बिस्किटाच्या पुड्याच्या कागदाची चिठ्ठी त्याने माझ्या हातात दिली होती, त्यातला एक आकडा पाण्याने पुसलेला. महिन्याभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३मध्ये सांगितलंय. हा त्याआधीचा माणूस. चार महिन्यांनी जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराविना स्वतःच्या हमीवर, सुटला.

त्यांनी वहीत ‘जामीनदार’ हा शब्द माझ्याकडून अक्षरं विचारून लिहून घेतला. मग म्हणाल्या, “ते चार महिने तो तुमच्या कुठल्या रकान्यात होता?”

“तपासून सांगते,” मी म्हणाले. रात्री हॉटेलवर अहवालाची परिभाषा पहिल्या ओळीपासून वाचली. सकाळी नाश्त्याच्या रांगेत त्यांना गाठून उत्तर दिलं: चारही महिने, न्यायबंदी.